विश्लेषण : जुना लॅपटॉप भंगारात काढायचा की पुन्हा कामाला लावायचा?

बटण दाबून चहा टाकायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत स्क्रीनवर एकेक चिन्ह उमटण्याची वाट पाहायची, अशी अवस्था झालेला एखादा लॅपटॉप आज अनेक घरांत आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, नंतर मोबाइलमुळे मागे पडलेला. मुलांच्या प्रवेशाचा अर्ज, एखादा ऑनलाइन वर्ग किंवा बँकेचे काम निघाले की तो कपाटातून बाहेर येतो आणि दुकानदार सांगतो, ‘यात आता राम नाही, नवीनच घ्या.’ त्यातच ‘विंडोज १०’ या प्रणालीचा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे चालू स्थितीतले लॅपटॉपही अचानक ‘कालबाह्य’ ठरू लागले आहेत. मात्र जुना लॅपटॉप निकामी असतोच असे नाही, तसेच त्याच्यावर पैसे घालणे नेहमी शहाणपणाचे असते असेही नाही. हा फरक कसा ओळखायचा?

जुना म्हणजे नेमका किती जुना?

लॅपटॉपचे वय खरेदीच्या पावतीवरून ठरवू नये. दुकानात वर्ष-दोन वर्षे पडून असलेला मालही ‘नवा’ म्हणून विकला जातो. खरे वय प्रोसेसरच्या क्रमांकावरून कळते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ हा भाग उघडला की तो क्रमांक दिसतो. उदाहरणार्थ, ‘आय५-७२००यू’ लिहिले असेल तर तो इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर. ‘आय५-८२५०यू’ आठव्या पिढीचा आणि ‘आय५-१०२१०यू’ दहाव्या पिढीचा. म्हणजे आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा (किंवा पहिले दोन आकडे) पिढी सांगतो.

कामाच्या दृष्टीने जुन्या लॅपटॉपचे तीन गट करता येतात. पहिला गट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे साधारण २०१८ नंतरचा. यांना फारसे काही झालेले नसते. दुसरा गट दुसऱ्या ते सातव्या पिढीचा, म्हणजे २०११ ते २०१७ च्या दरम्यानचा. थोडा खर्च केला तर रोजच्या कामासाठी हे लॅपटॉप अजूनही पुरतात, फक्त प्रणालीचा विचार वेगळा करावा लागतो. तिसऱ्या गटात कोअर टू ड्युओ, जुने अ‍ॅटम आणि ३२-बिट प्रोसेसर येतात. त्यांच्यावर पैसे घालण्यात आता अर्थ उरलेला नाही. डेबियनसारख्या जुन्या यंत्रांना सांभाळून घेणाऱ्या लिनक्स प्रणालीनेही २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी वेगळा इन्स्टॉलर देणे बंद केले आहे.

लॅपटॉप मंद का होतो?

प्रोसेसर म्हातारा होऊन मंद होतो, हा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात २०१६ मध्ये प्रोसेसर जेवढी गणिते करायचा तेवढीच आजही करतो. बदललेली असतात ती त्याच्याभोवतीची चार कारणे. पहिले कारण म्हणजे यंत्रातली फिरणारी हार्ड डिस्क. दुसरे, कमी पडणारी रॅम. तिसरे, पंख्यात साचलेली धूळ आणि वाळलेले थर्मल पेस्ट. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. चौथे, वजनदार होत गेलेले सॉफ्टवेअर. दहा वर्षांपूर्वीचे संकेतस्थळ आणि आजचे संकेतस्थळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडे ठेवले की तेवढ्यानेच तीन-चार जीबी रॅम सहज व्यापली जाते.

यातले कोणते दुखणे आपल्या लॅपटॉपला आहे हे दुकानात न जाताही कळू शकते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्क, मेमरी आणि सीपीयू यांचे आलेख दिसतात. लॅपटॉप अडखळत असताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर आणि सीपीयूचा वीस-तीस टक्क्यांवर असेल तर दोष डिस्कचा. मेमरी सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी आहे. दोन्ही ठीक असून सीपीयू सतत शंभरावर असेल आणि पंखा घोंघावत असेल तर आधी साफसफाई करून पाहावी. त्यानंतरही तसेच राहिले तर प्रोसेसरच कामाला कमी पडतो आहे असे समजावे. डिस्कचा प्रकार एचडीडी आहे की एसएसडी आणि रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत, हेही याच ठिकाणी दिसते.

पहिला खर्च कशावर करावा?

लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर. याबाबत तंत्रज्ञांमध्ये फारसे दुमत नाही. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि माहिती वाचणारी सुई हव्या त्या जागी पोहोचण्याची वाट पाहावी लागते. विखुरलेल्या ठिकाणची माहिती वाचायची झाली तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरएक वेळा ती उचलू शकते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइल वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. सलग माहिती वाचण्याचा वेग हार्ड डिस्कचा सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास, तर साध्या साटा एसएसडीचा पाचशे एमबीपर्यंत असतो. मिनिटांत सुरू होणारा लॅपटॉप सेकंदांत सुरू होऊ लागतो तो यामुळे.

रोजच्या कामाला २५६ जीबीची एसएसडी पुरते. फोटो-व्हिडीओ बरेच असतील तर ५१२ जीबीची घ्यावी. २०१७ पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते. नंतरच्या अनेकांत एम.२ प्रकारची पट्टी बसते. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि सगळ्याच यंत्रांत दोन्ही चालत नाहीत. म्हणून मॉडेल क्रमांक दाखवल्याशिवाय खरेदी करू नये. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी ‘कॅडी’ नावाच्या चौकटीत जुनी हार्ड डिस्क बसवता येते. प्रणाली एसएसडीवर आणि फोटो जुन्या डिस्कवर, अशी सोय होते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ‘ईएमएमसी’ साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असते. ती बदलता येत नाही. अशा लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवण्याची जागा नसेल तर खर्चाचा विचार तिथेच थांबवावा.

रॅम किती हवी आणि कोणती?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमची अट आहे. पण तेवढ्यावर विंडोज सुरू होते, काम होत नाही. ब्राउझर, एक वर्ड फाइल आणि व्हिडीओ कॉल एकाच वेळी चालवायचे तर ८ जीबी हा व्यवहार्य आकडा. केवळ घरगुती वापरासाठी १६ जीबीचा हट्ट धरण्याची गरज नाही.

रॅम घेताना पिढी चुकली तर पैसे वाया जातात. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांची खाचच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर३ मध्येही ‘डीडीआर३एल’ हा कमी व्होल्टेजवर चालणारा उपप्रकार आहे आणि चौथ्या-पाचव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपना तोच लागतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते. तिथे वाढवण्याची सोय नसते.

सध्या रॅमचे दर ही अडचण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरी चिपना मोठी मागणी आल्याने २०२५ च्या अखेरीस जगभर दर चढले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहक-व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे एसएसडी आणि रॅम दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी एसएसडी घ्यावी आणि रॅम वापरलेली चालते का ते पाहावे. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो. त्यामुळे चाचणी करून, थोड्या दिवसांच्या बदलीच्या हमीवर वापरलेली रॅम घेण्यात मोठा धोका नाही. एसएसडीचे मात्र तसे नाही. तिच्यावर जितके लिहिले जाते तितके तिचे आयुष्य घटते. म्हणून ती नवीच घ्यावी.

‘विंडोज १०’चा आधार संपला म्हणजे काय?

आधार संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडला असे नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो आणि चालतो. थांबतात त्या सुरक्षा दुरुस्त्या. कोणत्याही प्रणालीत नव्या त्रुटी सापडत राहतात आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवत असते. हे बुजवणे थांबले की सापडलेली प्रत्येक त्रुटी कायमची उघडी राहते.

याचा परिणाम जगाने पाहिलेला आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइल कुलूपबंद केल्या. त्याने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. फटका बसला तो ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती त्यांना. घरच्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार, आधार-पॅनच्या प्रती आणि कुटुंबाचे फोटो असतात. त्यामुळे ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय’ हा युक्तिवाद टिकत नाही.

विंडोज १० वापरणाऱ्या व्यक्तींना मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ नावाच्या या योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, असे कंपनीने जाहीर केले आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. लॅपटॉपच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिली तर नोंदणीला पैसे पडत नाहीत. एरवी ३० डॉलरचा पर्याय आहे. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ या भागात दिसतो. ही मुदत म्हणजे कायमचा तोडगा नव्हे. पण घाईघाईने नवा लॅपटॉप घेण्यापासून ती वाचवते. विंडोज ७ किंवा ८.१ वर चालणाऱ्या लॅपटॉपना मात्र अशी सवलत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही त्यांच्यावर चालत नाहीत.

विंडोज ११ बसवता येईल का?

विंडोज ११ ची खरी अट वेगाची नसून सुरक्षेच्या चिपची आहे. ‘टीपीएम २.०’ आणि ‘सिक्युअर बूट’ या दोन सोयी त्याला लागतात. शिवाय इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा लॅपटॉपमधील एएमडी रायझनचा साधारण ३००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप चालवले की हो किंवा नाही असे उत्तर मिळते. ‘नाही’ आले तरी कारण वाचावे. अनेक लॅपटॉपमध्ये टीपीएम असते, पण बायोसमध्ये ते बंद ठेवलेले असते. ते सुरू केले की लॅपटॉप पात्र ठरतो. अस्सल विंडोज १० असेल तर ११ वर जाण्याचे पैसे लागत नाहीत.

अपात्र लॅपटॉपवरही अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. त्या चालतातही. पण अशा यंत्रांना पुढे दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लॅपटॉप अडकला तर जबाबदारी आपली.

याहून मोठा धोका ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो’ या स्वस्त सेवेत आहे. परवाना नसलेली प्रणाली ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करण्यासाठी वापरली जाणारी छोटी सॉफ्टवेअर आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. त्यांतून लॅपटॉपमध्ये आणखी काय शिरले हे सांगता येत नाही. घराला चांगले कुलूप घालून किल्ली अनोळखी माणसाकडे देण्यासारखाच हा प्रकार. अस्सल विंडोज १० असलेल्या लॅपटॉपचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. त्यामुळे केवळ एसएसडी बदलली तर विंडोज नव्याने विकत घ्यावे लागत नाही. तीच आवृत्ती बसवून इंटरनेट जोडले की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. दुकानदाराने वेगळे पैसे मागितले तर हे जरूर विचारावे.

लिनक्स खरोखरच पर्याय आहे का?

दुसऱ्या ते सातव्या पिढीच्या लॅपटॉपसाठी हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. लिनक्स मिंट ही प्रणाली मोफत आहे. दिसायला ती बरीचशी विंडोजसारखी असून तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. तिची किमान गरज २ जीबी रॅम, तर शिफारस ४ जीबीची आहे. त्यातली ‘एक्सएफसीई’ ही आवृत्ती अशक्त यंत्रांसाठी अधिक हलकी. क्रोम आणि फायरफॉक्स त्यावर चालतात. म्हणजे जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, यूट्यूब, बँकांची संकेतस्थळे, डिजीलॉकर, ऑनलाइन सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, थोडक्यात ब्राउझरमध्ये होणारे सगळे काम. वर्ड-एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस मिळते. झूमचे अ‍ॅपही आहे.

लिनक्स म्हणजे केवळ संगणकवेड्यांचा छंद, असे मानण्याचे कारण नाही. देशातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी ई-कोर्ट्स प्रकल्पात उबंटू लिनक्स वापरण्यात आले. केरळच्या सरकारी शाळांत तर मुले अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत.

केवळ ब्राउझरच वापरणाऱ्यांसाठी गुगलची ‘क्रोमओएस फ्लेक्स’ ही दुसरी मोफत प्रणाली आहे. तिला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण लागते. मात्र तिच्यावर प्ले स्टोअरमधील अ‍ॅप चालत नाहीत आणि ती विंडोजच्या शेजारी नांदत नाही, संपूर्ण डिस्क पुसूनच बसते. दोन्ही प्रणाली आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ आणि प्रिंटर ठीक चालतात का हे दोन दिवस तपासावे आणि मगच बसवण्याचा निर्णय घ्यावा.

मराठी टायपिंग, टॅली आणि सरकारी कामांचे काय?

प्रणाली बदलण्याआधी सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो. युनिकोडमध्ये मराठी लिहिणाऱ्यांना अडचण नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आहे. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ कळफलक आला आहे. लिनक्समध्येही तशी सोय बसवता येते.

पण पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तके करणाऱ्या डीटीपी व्यावसायिकांचे काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या सॉफ्टवेअरवर आणि पेजमेकर-कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांवर उभे असते. वर्षानुवर्षांच्या फाइल त्याच फॉन्टमध्ये अडकलेल्या असतात. अशांनी चालू यंत्राला हात लावू नये. ते इंटरनेटपासून तोडून केवळ त्या कामासाठी ठेवावे, फाइलचा बॅकअप घ्यावा आणि नवे काम हळूहळू युनिकोडवर आणावे.

टॅली वापरणारे व्यापारी, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावणारे कंत्राटदार, बोटांच्या ठशांचे यंत्र जोडणारे केंद्रचालक यांनीही विंडोजवरच राहणे सोयीचे. या उपकरणांचे ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजसाठीच लिहिलेले असतात. प्राप्तिकर विवरणपत्रासाठी खाली उतरवून वापरायची एक्सेल फाइलही मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलवर बेतलेली असते. साध्या पगारदाराला मात्र विवरणपत्र थेट संकेतस्थळावरच भरता येते. थोडक्यात, लिनक्स घरासाठी चालेल, दुकानासाठी आधी तपासावे लागेल.

बॅटरी, घड्याळ आणि यूट्यूबची कुरकुर कशामुळे?

काही दुखणी छोटी असतात, पण त्यांच्यामुळे लॅपटॉप मोडीत निघतो. वर्ष-दोन वर्षे कपाटात पडलेल्या लॅपटॉपवर एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा येतो. अनेकदा कारण एवढेच असते, की मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपून तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. तारीख सुधारली की संकेतस्थळे उघडतात. सेल बदलला की तारीख टिकते.

यूट्यूब लावताच पंखा घोंघावतो, त्याचे कारण व्हिडीओ ज्या स्वरूपात येतो त्यात आहे. यूट्यूब वापरत असलेले व्हीपी९ स्वरूप उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पूर्णपणे आली ती सातव्या पिढीत. त्याआधीच्या यंत्रांत हा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. व्हिडीओ १०८० ऐवजी ७२० किंवा ४८० वर पाहिला की भार कमी होतो.

बॅटरीबाबत मात्र हयगय नको. टचपॅड वर उचलल्यासारखे दिसत असेल, झाकण नीट बसत नसेल किंवा खालचा भाग फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे असे समजून लॅपटॉप बंद करावा आणि चार्जर काढावा. ती दाबू नये, टोचू नये, घरी उघडू नये. बॅटरी केवळ कमी वेळ टिकत असेल आणि लॅपटॉप टेबलावरच वापरायचा असेल तर ती लगेच बदलण्याची गरज नाही.

कुठे थांबायचे?

खर्चाचा साधा हिशेब असा. एसएसडी, रॅम, बॅटरी आणि मजुरी यांची बेरीज करावी. त्याच कामाचा, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, हमी असलेला नूतनीकृत लॅपटॉप केवढ्याला मिळतो हे पाहावे. दुरुस्तीचा खर्च त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती करावी. निम्म्याच्या वर जात असेल तर पैसे त्या दुसऱ्या लॅपटॉपसाठी ठेवावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत किमान तीन दुकानांत दर विचारावेत. एकाच मॉडेलला वेगवेगळे दर ऐकू येतात.

मदरबोर्ड बिघडलेला असेल, स्क्रीन आणि बिजागरी दोन्ही गेली असतील किंवा रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डवर जोडलेली असतील तर थांबावे. काम वाढले असेल तरीही थांबावे. व्हिडीओ संपादन, अभियांत्रिकीचे आरेखन, मोठे गेम यांसाठी जुन्या लॅपटॉपला कितीही टेकू दिला तरी तो पुरा पडत नाही. याउलट शाळा-कॉलेजचे प्रकल्प, टायपिंग, कोडिंगची सुरुवात, ऑनलाइन वर्ग आणि घरचा हिशेब यांसाठी दहा वर्षांपूर्वीचा धडधाकट लॅपटॉपही पुरेसा आहे.

हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. विंडोज १० चा आधार संपल्याने जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज ‘कॅनालिस’ या संस्थेने २०२३ मध्ये वर्तवला होता. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. लॅपटॉप खरोखरच काढायचा झाला तर तो भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. त्याआधी डिस्क पूर्ण पुसावी किंवा काढून स्वतःकडे ठेवावी. नुसते ‘डिलिट’ केलेले फोटो आणि कागदपत्रे परत मिळवता येतात.

सुरुवात कशी करावी?

पहिले काम दुरुस्ती नव्हे, तर बॅकअप. जुनी हार्ड डिस्क कधीही दगा देऊ शकते. त्यामुळे फोटो, प्रमाणपत्रे, हिशेब आधी दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्यावेत. ‘बिटलॉकर’ सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, नाहीतर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये दोष शोधावा, पंखा साफ करून घ्यावा, मग एसएसडी, त्यानंतर रॅम आणि शेवटी प्रणालीचा निर्णय. दुकानात लॅपटॉप देताना मॉडेल क्रमांक, रॅमचा प्रकार आणि काढलेले जुने भाग परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

हा क्रम पाळला तर प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची मुभा राहते. साफसफाईनेच भागले तर एसएसडीचा खर्च वाचतो, एसएसडीने भागले तर रॅमचा. शिवाय पुढे लॅपटॉपने मान टाकलीच तरी साटा एसएसडी वाया जात नाही. छोट्या बाह्य खोक्यात घातली की ती पेनड्राइव्हसारखी वापरता येते. दुकानदाराच्या ‘नवीनच घ्या’ या सल्ल्यावर निर्णय घेण्याआधी प्रोसेसरचा क्रमांक आणि टास्क मॅनेजरचे तीन आलेख पाहायला पाच मिनिटे लागतात. हजारो रुपयांचा निर्णय त्या पाच मिनिटांनंतरच घेतलेला बरा.